नारू कसा गेला

वर्गात एकदा सहज विचारून पाहा: नारू म्हणजे काय? सातवी-आठवीच्या मुलांना उत्तर देता येणार नाही. पुष्कळ तरुण शिक्षकांनाही नाव ऐकल्यासारखे वाटेल, एवढेच. हाच प्रश्न दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना विचारला, तर त्या उत्तर देण्याआधी घोट्याकडे बोट नेतील. घोट्यापाशी उठलेला फोड, त्याची आग, फोड फुटल्यावर डोकावणारा पांढरा दोरा आणि तो दोरा काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढणारा गावातला जाणकार, हे सगळे त्यांच्या पिढीने पाहिलेले आहे.

देवीचा रोग जगातून गेला, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. नारू भारतातून गेला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणित केले. देवीच्या मागे लस होती. नारूवर लस नव्हती, आजही नाही. शरीरातला जंत मारणारे खात्रीचे औषध नाही. एकदा नारू झाला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नाही. तरीही तो गेला. कसा गेला, ते पाहण्यासाठी आधी या जंताची चाल समजून घेतली पाहिजे.

नारूचे शास्त्रीय नाव ड्रॅकुनक्युलस मेडिनेन्सिस, म्हणजे मदिनेचा छोटा ड्रॅगन. मादी साठ सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत लांब आणि जाडीला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे शिजवलेल्या शेवयीएवढी. नर अगदी लहान, काही सेंटिमीटरचा. तो मीलनानंतर शरीरातच मरतो आणि त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. मादी त्वचेखालच्या ऊतींतून सरकत बहुधा पायाकडे येते. तोवर संसर्गाला दहा ते चौदा महिने झालेले असतात. मग फोड येतो. फोडाची आग इतकी असते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमके तेच मादीला हवे असते. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो आणि मादी आपल्या पोटातल्या लाखो अळ्या पाण्यात सोडते.

या अळ्या स्वतः माणसाला काही करू शकत नाहीत. त्या पाण्यात काही दिवसच जगतात. तेवढ्यात त्यांना सायक्लॉप्सने खाल्ले पाहिजे. सायक्लॉप्स हा खेकडा-कोळंबीच्या गोत्रातला, एक-दोन मिलिमीटरचा जीव. डोक्याच्या मध्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. सायक्लॉप्सच्या शरीरात सुमारे दोन आठवडे वाढल्यावर अळी माणसाला बाधण्याजोगी होते. असे पाणी कोणी प्याले, की जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळी मोकळी होते, आतड्याची भिंत भेदून बाहेर पडते आणि वर्षभराचे चक्र पुन्हा सुरू होते.

या चक्रातली एक गोष्ट फळ्यावर काढून दाखवण्यासारखी आहे. कॉलरा, विषमज्वर, आमांश यांचे जंतू विष्ठेतून पाण्यात येतात. नारूचा विष्ठेशी काडीचाही संबंध नाही. तो पाण्यात येतो पायातून आणि माणसात जातो तोंडातून. म्हणजे पाय आणि तोंड एकाच पाण्याला लागले पाहिजेत. अशी जागा असली, तर गाव बाकी कितीही स्वच्छ असो, नारू टिकतो. अशी जागा नसली, तर गाव कितीही घाण असले तरी तो एका वर्षात संपतो.

आपल्या देशात अशी जागा शतकानुशतके होती, आणि ती पुण्यकर्म म्हणून बांधलेली होती. पायऱ्यांची विहीर. महाराष्ट्रात तिला बारव म्हणतात, गुजरातेत वाव, राजस्थानात बावडी. जिथे पाणी खोल आणि ऋतूगणिक वरखाली होणारे, तिथे दोर-बादलीची कटकट टाळून माणसाला थेट पाण्यापर्यंत नेणारी ही रचना स्थापत्य म्हणून अतिशय देखणी आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की बाई शेवटच्या पायरीवर, मग पोटरीभर पाण्यात उभी राहून कळशी भरते. पाणी कमी, म्हणून कळशीमागे सायक्लॉप्स जास्त. आणि गेल्या उन्हाळ्यात पोटात गेलेल्या अळीची मादी याच सुमारास फोडाशी आलेली असते. एक दुखरा पाय सगळ्या गावाला पुरतो, आणि गावाला त्याचा पत्ता लागतो पुढच्या उन्हाळ्यात. कारण आणि परिणाम यांच्यात वर्षाचे अंतर असलेला रोग पाण्यामुळे होतो, हे नुसत्या अनुभवाने ओळखणे किती कठीण असेल! तेव्हा लोक अडाणी होते असे चटकन म्हणण्यात अर्थ नाही. त्याच विहिरीवर कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते याचा काटेकोर विचार मात्र आपला समाज करीत होता. खरोखर बाटवणारा स्पर्श डोळ्यांसमोर असून दिसत नव्हता.

रोग फार जुना. इजिप्तमधल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका किशोरवयीन मुलीची ममी १९७५ मध्ये मँचेस्टर येथे उलगडली, तेव्हा तिच्या पोटाच्या भागात चुना साचून कडक झालेला नारू आढळला. तांबड्या समुद्राच्या काठच्या लोकांच्या हातापायांतून लहान साप बाहेर येतात, असे इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या अगाथार्किडीसने लिहिल्याचे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे मध्ययुगीन आयुर्वेदग्रंथांत हा रोग 'स्नायुक' या नावाने येतो. स्नायू म्हणजे तंतू, दोरी. याच शब्दाचे प्राकृतातले रूप 'ण्हारु', त्यावरून हिंदीतले 'नहरुआ' आणि आपले 'नारू'. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांना तो जंत आहे की शरीरातलीच एखादी शीर बाहेर येते आहे, याची खात्री नसावी. ही शंका युरोपातल्या वैद्यांनाही बराच काळ होती.

पाणी आणि नारू यांचा संबंध काहींनी ओळखला होता. अँथनी जेंकिन्सन हा इंग्रज व्यापारी १५५८ मध्ये मध्य आशियातल्या बुखारा शहरात पोचला. तिथले पाणी पिणाऱ्यांच्या पायात हातभर लांबीचा जंत होतो आणि तिथले वैद्य तो मोठ्या कौशल्याने रोज थोडा थोडा ओढून काढतात, अशी नोंद त्याने केली आहे. ही नोंद लक्षात ठेवावी. बुखारा पुढे दोनदा येणार आहे.

आता मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई बेटावर तळीच तळी होती. त्यांतली बहुतेक पुढे बुजवली गेली. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे तेवढी उरली. त्या काळी मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे शस्त्रवैद्य होते. भूगर्भशास्त्र, स्पंज, पाण्यातले सूक्ष्म जीव अशा अनेक विषयांत रमणारे गृहस्थ. त्यांच्या पाहण्यात एक शाळा आली. शाळेत पन्नास मुले. त्यांपैकी एकवीस जणांना एका वर्षात नारू झाला. मुले ज्या तळ्यात अंघोळ करीत, त्याचा गाळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो बारीक सूत्रकृमींनी बुजबुजलेला होता. ज्या शाळांच्या मुलांचा त्या तळ्याशी संबंध नव्हता, त्यांच्यात नारू जवळजवळ नव्हता.

निरीक्षण उत्तम. आजच्या भाषेत बोलायचे, तर तुलनेसाठी दुसरा गटही होता. कार्टरांचा निष्कर्ष असा की, गाळातले हे कृमी अंघोळीच्या वेळी कातडीतून शरीरात शिरतात आणि त्यांचाच नारू होतो. निष्कर्ष चुकला. गाळातले कृमी स्वतंत्रपणे जगणारे, निरुपद्रवी होते. त्याच तळ्यात सायक्लॉप्सही असणार, आणि डुंबणाऱ्या मुलांच्या पोटात तळ्याचे पाणी जाणारच. पण तिकडे कार्टरांची नजर गेली नाही. विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण यशस्वी माणसांच्याच गोष्टी सांगतो. मला तर कार्टरांची ही गोष्ट अधिक शिकवण्याजोगी वाटते. गुन्ह्याची जागा अचूक सापडली होती, आरोपी चुकीचा पकडला.

खरा आरोपी सापडला तो मध्य आशियात. अलेक्सेई फेडचेंको हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ आपली पत्नी, वनस्पतिशास्त्रज्ञ ओल्गा हिच्यासह तुर्कस्तानच्या मोहिमेवर होता. बुखारा-समरकंदचा हा मुलूख म्हणजे नारूचे माहेरघर. जर्मन परोपजीवीतज्ज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट याने त्याला सुचवले होते की, माशांतल्या एका जंताच्या अळ्या सायक्लॉप्समध्ये वाढतात, तेव्हा नारूच्याही तिथेच शोधाव्यात. १८७० मध्ये फेडचेंकोने नारूच्या अळ्या आणि सायक्लॉप्स एकत्र ठेवून पाहिले. अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात गेलेल्या आणि तिथे कात टाकून वाढत असलेल्या दिसल्या. पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळल्याने नारू होत असावा, असा तर्क त्याने मांडला. हिवताप आणि डास यांचा संबंध सिद्ध होण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीची ही गोष्ट. पण लेख रशियन भाषेत होता, आणि १८७३ मध्ये आल्प्सच्या हिमनदीवर फेडचेंको मरण पावला. वय अवघे एकोणतीस.

तर्क आणि पुरावा यांतले अंतर भरून काढायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९०५ मध्ये लंडनहून रॉबर्ट लायपर पश्चिम आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात गेला. जठरात असते तेवढ्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातली अळी उलट तरतरीत होऊन बाहेर येते, हे त्याने दाखवले. बाधित सायक्लॉप्स खाऊ घातलेल्या माकडाच्या शरीरात सहा महिन्यांनी त्याला नारू सापडले. माणसाबाबतचा शेवटचा दुवा जोडला गेला तो मुंबईत. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, तेव्हा ग्लेन लिस्टन प्रमुख होते. प्लेगच्या पिसवांवरील कामामुळे त्यांचे नाव परिचित आहे. त्यांचे सहकारी डॉ. डी. ए. तर्खड यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना बाधित सायक्लॉप्स पाजून नारूचा संसर्ग घडवून दाखवला. प्रयोगशाळेच्या १९१३ सालच्या अहवालात हे काम आले आहे. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण त्या स्वयंसेवकांची आणि तर्खडांची नावे आपल्या मुलांना ठाऊक नसावीत, हेही बरे नाही.

म्हणजे १९१४ पर्यंत सगळे माहीत झाले होते. जंत कुठून येतो, कशातून येतो, किती दिवसांनी येतो. आणि विहिरीच्या पायऱ्या बंद केल्या तर तो थांबेल, हेही. तरी भारतातला शेवटचा नारू १९९६ चा. मधली ब्याऐंशी वर्षे काय झाले?

प्रयत्न झाले. विहिरींत चुना टाकून पाहिला गेला. म्हैसूर संस्थानातल्या चितळदुर्ग, म्हणजे आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात मूर्ती आणि स्वीट यांनी १९३० नंतरच्या दशकात पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडून नारू कमी करून दाखवला. उपाय सुंदर आणि स्वस्त होता. पण विहीर आटली की मासे मरणार आणि पुन्हा सोडावे लागणार. अशी निगा राखणारे कोणी मागे नसले की उपाय त्या गावापुरता, त्या काळापुरता राहतो.

सबंध मुलूख नारूमुक्त करण्याचे पहिले उदाहरण मात्र त्याच काळात घडत होते, आणि तेही बुखाऱ्यात. तिथे शहरभर 'हौज' होते. दगडी पायऱ्यांची चौकोनी तळी. पखाली घेतलेले पाणके पायऱ्या उतरून तळ्यात उभे राहत आणि तेच पाणी घरोघर पोचवीत. जोधपूरची बावडी आणि बुखाऱ्याचा हौज यांत जंताच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. १९२३ पासून लिओनिद इसायेव या सोव्हिएत डॉक्टराने तिथे रुग्णांची शोधमोहीम चालवली, पाणक्यांवर नजर ठेवली, हौज उपसून कोरडे केले. शहराला नळाचे पाणी मिळाले. १९३१ नंतर तिथे नव्याने नारू झाला नाही. आठ-नऊ वर्षांत, औषधाशिवाय. अर्थात एका शहराचे आणि त्याच्या आसपासचे हौज आटवणे वेगळे, आणि लाखो खेड्यांच्या देशात विहिरीला हात घालणे वेगळे.

भारतातले चित्र पालटायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. त्यांतली एक नारूसाठी केलेलीच नव्हती.

ती गोष्ट म्हणजे हापसा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, विशेषतः १९७२ च्या दुष्काळात, कातळ फोडणारी यंत्रे गावोगाव विंधनविहिरी खणू लागली. पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले. गावाने दिवसभर हापसल्यावर ते टिकेनात. बसवलेल्यांपैकी बहुतेक काही काळातच बंद पडलेले असत. यावर तोडगा महाराष्ट्रात निघाला. जालन्याच्या एका मिशनमध्ये अधिक दणकट पंप तयार झाला, आणि सोलापुरात विहिरींचे काम करणाऱ्या ऑस्कर कार्लसन या स्वयंशिक्षित कारागिराने साखळीवर चालणारा 'सोलापूर पंप' बनवला. त्यावर युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी संस्कार करून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप आणला. शाळेच्या आवारात, देवळासमोर, वस्तीच्या कोपऱ्यावर आपण पाहतो तो हाच. त्याच्या पाण्यात पाय बुडवणे कोणालाही शक्य नाही, आणि खोल कातळातल्या बंदिस्त पाण्यात सायक्लॉप्सही नाही. नारूचे चक्र त्याने एकदम दोन ठिकाणी तोडले.

दुसरी गोष्ट जाणूनबुजून केलेली. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छता दशक जाहीर केले. दशकाचे ध्येय सर्वांना शुद्ध पाणी, हे होते. एवढ्या मोठ्या ध्येयाचे यश मोजायचे कसे? काही जणांनी नारूकडे बोट दाखवले: पाणी सुधारले की नाही, हे ज्या रोगाच्या जाण्याने स्वच्छ कळेल असा हा एकच रोग. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. दिल्लीची राष्ट्रीय संचारी रोग संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. घरोघर शोध घेतला, तेव्हा १९८४ मध्ये सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत, ३९,७९२ रुग्ण सापडले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू ही ती राज्ये.

कार्यक्रमाचे कलम एकच होते: पाय आणि पिण्याचे पाणी यांची ताटातूट. जिथे नारू, तिथे हातपंप आधी. जिथे पायऱ्यांची विहीर, तिथे पायऱ्या बंद करून वर कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा. तोवर पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचे. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणजे तो जीवाणूंच्या मानाने अजस्रच. घट्ट विणीचे कापड त्याला सहज अडवते. बाधित पाण्यात टेमिफॉस हे कीटकनाशक दहा लाख भागांत एक भाग या प्रमाणात. त्याने सायक्लॉप्स मरतो आणि पाणी पिण्यायोग्य राहते. ज्याला फोड आला आहे, त्याच्या जखमेवर पट्टी, आणि पुढचे काही आठवडे त्याने पाण्यात उतरायचे नाही.

ही यादी वाचायला सोपी. पायऱ्या बंद करणे सोपे नव्हते. विहिरीत देवाचा कोनाडा असे, कोणाच्या तरी पूर्वजाने नवसाने बांधलेली असे, गुरेही तिथेच पाणी पीत. दोर ओढण्यापेक्षा उतरून भरणे पुष्कळांना बरे वाटे. विंधनविहिरीचे पाणी काही ठिकाणी मचूळ किंवा लोखंडाच्या चवीचे. 'बावडीचे पाणी गोड' हे वाक्य आरोग्य कर्मचाऱ्यांनी किती वेळा ऐकले असेल! ते खोटेही नव्हते. शिवाय हापसा बंद पडला की सगळे गाव पुन्हा पायऱ्यांवर. म्हणून राजस्थानच्या डुंगरपूर, बांसवाडा आणि उदयपूर या आदिवासी भागांत युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीने चाललेल्या 'स्वच्छ' प्रकल्पात गावातल्या बायकांनाच हातपंप दुरुस्तीचे शिक्षण दिले. पंप बंद पडला तर मैलभर चालायचे कोणाला, हे पाहिले तर ही निवड किती शहाणपणाची होती ते कळते. नारूच्या विजयाचे श्रेय वाटायचे झाले, तर माझ्या मते पान्हा हातात घेतलेल्या या बायकांचा वाटा प्रयोगशाळांपेक्षा कमी नाही.

पुढचे आकडे मुलांकडून आलेखावर काढून घ्यावेत. १९८४: ३९,७९२. १९९०: ४,७९८. १९९१: २,१८५. १९९२: १,०८१. १९९३: ७५५. १९९४: ३७१. १९९५: ६०. १९९६: ९. साध्या आलेखावर शेवटची वर्षे अक्षाला चिकटतात. लॉगरिदमच्या कागदावर काढले, तर घसरण दर वर्षी सारख्या वेगाने झाली नाही, १९९२ नंतर ती मंदावली आणि १९९४ नंतर एकदम तीव्र झाली, हे दिसते. शेवटी उरलेल्या थोड्या रुग्णांना शोधणे हेच मुख्य काम होऊन बसले. खरा रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस होते. शून्य रुग्ण सापडणे आणि शून्य रुग्ण असणे यांतला फरक पटवून द्यायला शोध आणखी तीन वर्षे चालू ठेवावा लागला.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. नारू गेला म्हणून गावाचे पाणी शुद्ध झाले, असे नाही. कठडा बांधलेल्या आडाच्या पाण्यातून अतिसार, कावीळ, विषमज्वर होतच राहिले, कारण त्यांचा मार्ग निराळा. सर्वांना शुद्ध पाणी हे दशकाचे ध्येय १९९० पर्यंत गाठता आले नाही, आणि नारू मात्र गेला. त्याला हाकलायला सगळे पाणी सुधारावे लागले नाही. त्याच्या चक्रातला एकच सांधा नेमका ठाऊक होता, तेवढा तोडला. नारूच्या यशाचे दाखले देऊन 'पाणी सुधारा, सगळे रोग जातील' असे म्हणणारे ही नेमकी गोष्ट विसरतात.

दुसरे असे की, त्या सांध्याची किंमतही मोजावी लागली. खोल विंधनविहिरींनी सायक्लॉप्स टाळला. पण राजस्थानात आणि आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत कातळातल्या पाण्यात फ्लोराइड निघाले. दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली मुले, वयाआधी वाकलेली माणसे हे त्याचे परिणाम. पायऱ्यांच्या विहिरींचेही तसेच. पिण्यासाठी नको झालेल्या बारवा कचऱ्याने भरल्या, काही बुजल्या. आता तरुण मंडळी त्या उपसून स्वच्छ करीत आहेत, हे चांगलेच आहे. त्यांतले पाणी पिण्यासाठी पुन्हा वापरायचे झाले, तर ते उतरून न भरता वरून उपसावे, एवढे त्यांना कोणीतरी सांगावे.

जगात १९८६ मध्ये नारूचे अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते, बहुतेक आफ्रिकेत. मालीमधले डोगोन लोक त्याला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणत, कारण तो नेमका शेतीच्या हंगामात माणसाला खाटेवर पाडतो. २०२३ मध्ये सबंध जगात १४ रुग्ण नोंदले गेले. मग आता संपलेच म्हणायचे की नाही? इथे जंताने एक डाव टाकला आहे. चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. कुत्री बाधित सायक्लॉप्स खाल्लेले मासे किंवा बेडूक खाऊन तो मिळवत असावीत, असे दिसते. त्यामुळे तिथे आता माशांची आतडी पुरायला आणि कुत्री बांधून ठेवायला सांगितले जाते. नारू माणसाशिवाय जगू शकत नाही, या समजुतीवर उच्चाटनाची आशा उभी होती. पण कुत्र्याला नारू होऊ शकतो, हे चितळदुर्गात मासे सोडणाऱ्या त्याच मूर्ती आणि स्वीट यांनी १९३६ मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

वर्गासाठी एक सोपे काम सुचवतो. पावसाळा संपल्यावर जवळच्या तळ्याचे किंवा न वापरातल्या विहिरीचे पाणी काचेच्या बरणीत आणा. उजेडाकडे धरले, की झटक्या-झटक्याने पोहणारे पांढरट ठिपके दिसतील. भिंगाखाली शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या लटकवलेली मादी ओळखता येते, ती सायक्लॉप्स. आता तेच पाणी जुन्या सुती साडीच्या एका पदरातून, मग दोन, मग चार घड्यांतून गाळा आणि दर वेळी खाली किती ठिपके उतरले ते मोजा. हात मात्र साबणाने धुवा, आणि ते पाणी कोणी पिऊ नये. नंतर मुलांना घरच्या सर्वांत वयस्कर माणसाकडे पाठवा. गावाच्या विहिरीला पायऱ्या होत्या का, त्या कोणत्या साली बंद झाल्या, कोणी बंद केल्या, पहिला हापसा कुठे बसला आणि घरात कोणाच्या पायावर नारूचा व्रण आहे का, एवढे लिहून आणायला सांगा.